हिचे केस का उडत नाहीत?

मे महिन्यात साताऱ्याला आईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. गोष्ट म्हणजे तसं काहीच घडलं नाही, दुपारी टीव्हीवर एक सिनेमा लागला होता आणि मी एक वाक्य जास्तीचं बोलले, एवढंच. पण ते वाक्य अजून माझ्या मागे लागलंय म्हणून लिहायला बसले. जेवणं झालेली, बाहेर ऊन असं की समोरच्या घराच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं, आई चटईवर पलंगाला टेकून लसूण सोलत बसलेली आणि हिंदी डबिंगमधला 'ग्रॅव्हिटी', तो अवकाशात अडकलेल्या बाईचा, चालू होता. आईचं सिनेमा बघणं म्हणजे सिनेमा चालू असलेल्या खोलीत काम करणं. नजर ताटात, कान टीव्हीकडे. सुरुवातीला तो एक अंतराळवीर 'मेरा जूता है जापानी' गुणगुणत बागडत असतो ना, तेव्हा तिने मान वर केली. "अगं, हा आपला का?" म्हटलं हो, शरीफ नाव आहे त्याचं. "मग मरणार आता हा," असं म्हणून तिने पुढची कुडी फोडायला घेतली. मेलाच तो थोड्या वेळात. आईचा सिनेमाचा अभ्यास एवढ्यावर चालतो आणि सहसा चुकत नाही.

मी हा सिनेमा आधी तीनदा बघितलेला. त्यामुळे अर्धी झोपेत होते. ती बाई एकदाची स्पेस स्टेशनमध्ये शिरते, अंगावरचा तो अवजड सूट उतरवते आणि पोटातल्या बाळासारखी पाय जवळ घेऊन हवेत तरंगत राहते, तो सगळ्यांना आवडलेला सीन. मलाही आवडतो. आईने हातातला लसूण ताटात ठेवला, चष्मा नाकावर नीट सरकवला आणि म्हणाली, "हिचे केस का उडत नाहीत?"

मी उठूनच बसले.

"सुनीता विल्यम्सचे बघितलेस ना, बातम्यांत रोज दाखवायचे. सगळे वर, मोराच्या पिसाऱ्यासारखे. हिचे बघ, तेल थापून बसवल्यासारखे." आणि खरंच की. हात तरंगतायत, पाय तरंगतायत, मागे कसलीतरी वायर तरंगतेय आणि केस मात्र शाळेत निघालेल्या मुलीसारखे शहाणे. सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी म्हणून गेली आणि जून २०२४ ते मार्च २०२५ अशी नऊ महिने तिकडेच राहिली, त्या नऊ महिन्यांत आमच्या आईने तिचे केस इतक्या वेळा बघितलेत की तिला आता यातलं कोणी फसवू शकत नाही. "बाई नऊ महिने विंचरत कशी असेल," ही तिची तेव्हाची मुख्य काळजी होती.

आता मला वाईट कशाचं वाटलं ते सांगते. मी मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला नोकरी, आणि २०१३ साली पुण्यात हा सिनेमा थिएटरला बघून बाहेर पडताना जिन्यातच ऑफिसच्या लोकांना लेक्चर दिलेली बाई मी. हबल दुर्बीण ५४० किलोमीटरच्या आसपास, स्पेस स्टेशन ४०० च्या आसपास, ते जाऊ दे, पण दोघांच्या कक्षा वेगवेगळ्या तिरक्या आहेत हो, एकीचा विषुववृत्ताशी कोन २८.५ अंश, दुसरीचा ५१.६, एकीतून दुसरीत जायचं तर वेग सेकंदाला कमीत कमी ३ किलोमीटरने बदलायला लागेल, आणि नासाने १९८४ मध्ये खरोखर वापरलेलं ते पाठीवरचं जेटपॅक, त्याची अख्खी टाकी रिकामी केली तरी सेकंदाला २५ मीटरच्या आसपासच फरक पडायचा. म्हणजे रिक्षात अर्धा लिटर पेट्रोल घालून साताऱ्याहून दिल्लीला निघण्यातला प्रकार. हे सगळं मी हातवारे करून सांगितलेलं, पॉपकॉर्नच्या पुड्यासकट. आणि वर हेही की अवकाशात आवाज नसतो हे मात्र बिचाऱ्यांनी मनापासून पाळलंय बरं का, सूटला काही टेकलं तरच दबकं ऐकू येतं, मार्क द्यायला पाहिजेत. एवढं सगळं मला दिसलं. डोक्यावरचे केस दिसले नाहीत. तीन वेळा बघून.

आईची यातली डिग्री म्हणजे बारा वर्षं, दोन मुली, रोज सकाळी चार वेण्या. साडेसहाला स्टुलावर बसायचं, मागून तिचा कंगवा, खोबरेल तेलाचा वास, "हलू नकोस" आणि रिबिनीची शेवटची गाठ मारताना डोक्याला बसणारा तो एक झटका. केस कुठे बसतात, कधी उभे राहतात, पावसाळ्यात काय करतात, उवा झाल्यावर काय करतात हे तिच्या बोटांना माहीत आहे. नंतर मी शोधलं तर न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाचे डायरेक्टर नील डिग्रास टायसन यांनीही तेव्हा, २०१३ मध्येच, ट्विटरवर हीच शंका काढली होती, बाकी सगळं तरंगतंय मग केस का नाहीत. आईला सांगितलं. तिला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "त्यांना मुलगी असणार," म्हणाली.

मग मी तिला सिनेमाचा खर्च सांगितला. आपलं मंगळयान त्याच सुमारास, ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, ४५० कोटींत, आणि 'ग्रॅव्हिटी' बनवायला त्याहून जास्त पैसे लागलेले, हे तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं, पुढच्या वर्षी पंतप्रधानांनीही बोलून दाखवलं. आईने विचारलं, "आणि केसांना पैसे उरले नाहीत?" मला वाटतं त्यांनाही ते कळत असणार. तिचे केस इतके आखूड ठेवलेत ते उगाच नाही. नटीला तारांनी टांगता येतं, एकेक केस टांगता येत नाही.

मामाची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. आईचं माहेर सातगाव पठारावर, आंबेगाव तालुक्यात, तिथे पहिला पाऊस पडला की बटाटा लागतो, मामाचं आयुष्य त्यात गेलं. एका दिवाळीत मामेभावाने 'द मार्शियन' लावला, तो मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवतो तो. सुरुवातीला वादळ येतं, अँटेना उडते, माणसं उडतात. मी लगेच सुरू झाले, की मंगळावर हवा आपल्या एक टक्कासुद्धा नाही, तिथे ताशी १६० चा वारा सुटला तरी आपल्याकडच्या ताशी २० च्या वाऱ्याएवढाच अंगाला लागेल, चादर वाळत घालायला बरा. आणि लेखकाने स्वतःच कबूल केलंय की हे चूक आहे हे मला लिहितानाच माहीत होतं, मला पहिला फटका मंगळाने मारायला हवा होता. नंतर २०२१ मध्ये नासाने तिथे ते छोटं हेलिकॉप्टर उडवलं, वजन जेमतेम १.८ किलो, तेवढ्याला उचलायला सव्वा मीटरच्या आसपासची पाती मिनिटाला २४०० च्या वर फिरवायला लागायची, इतकी पातळ हवा. पण त्या दिवाळीत मामाने माझ्याकडे बघितलंही नाही. "मागल्या साली गोठ्याचे पत्रे तीन वावरं पलीकडं सापडले. वाऱ्याचं तू मला नको सांगू." वादळ मामाने एका घासात गिळलं.

अडकला कुठे, तर बटाट्याच्या पाकिटात.

"हवा काढलेलं पाकीट? आन त्यात बेणं?" सिनेमा थांबवायला लावला त्याने. बटाट्याला दम लागतो म्हणे, म्हणून तर आरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावताना खेळती हवा ठेवायची, कोंडला की आतून काळा पडतो, वरून बघितलं तर काही कळत नाही. आणि नवा बटाटा काढून लगेच लावला तर उगवतच नाही, दोन-अडीच महिने झोपतो, मग डोळे फुटतात. "ह्याचं बेणं झोपून उठलंय का नाही ते ह्यानं बघितलं का?" नाही बघितलं त्याने. पण पुढे त्या माणसाने सगळ्यांच्या विष्ठेची पाकिटं फोडून मातीत कालवली तेव्हा मामाने मांडीवर थाप मारली. सोनखत! त्याच्या आज्याच्या वेळची गोष्ट, शहाण्यांनी बंद केली, अमेरिकेवाल्याला कळली. मग बोटाने डोळे मोजून फोडी करणं, सरी ओढणं, सगळं त्याने मान हलवत पास केलं, फक्त झाडाच्या बुडाला मातीची भर कधी लावणार हा एवढा प्रश्न शेवटपर्यंत विचारत राहिला. मी परत एकदा नाक खुपसलं, की मंगळाच्या मातीत परक्लोरेट म्हणून विषारी क्षार असतात, २००८ साली एका यानाला सापडले, तिथे काही पिकणार नाही. मामा म्हणाला, "मग धुवून घ्यायची माती. खारवट रान पाणी मारून धुत्यातच की." घरी येऊन बघितलं. ते क्षार पाण्यात विरघळतात. धुता येतात खरंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खोड बसलीये, सिनेमा बघताना मी पडद्याकडे कमी आणि शेजारच्याकडे जास्त बघते, हा कुठे अडखळतो म्हणून. नर्स असलेली मैत्रीण कुठल्याही परग्रहावरचा राक्षस चालवून घेते पण हिरोला सलाइन उलट्या बाजूला लावलेली बघून तिचा जीव खालीवर होतो. आणि मी स्वतः, 'इंटरस्टेलर'मध्ये तो ग्रह, जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, ते मी निमूट मान्य केलं, किप थॉर्नसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडलंय म्हटल्यावर आपण कोण. पण पृथ्वीवरून निघताना ज्यांना एवढं मोठं रॉकेट लागलं तेच लोक पृथ्वीपेक्षा जास्त गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरून त्या चिमुकल्या गाडीतून भुर्रकन वर येतात, इथे माझा घास अडकला. पुढे बापलेकीचं सुरू झाल्यावर तेही विसरले. माझंही काही खरं नाही.

बाबांचा घास तर कायम अडकलेलाच असायचा. वीज मंडळात वायरमन, खांबावर चढण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे सिनेमातला शॉक बघितला की ते चिडायचे. शॉक लागलेला माणूस असा नाचत नाही, चिकटतो. तोंडातून आवाज निघत नाही. एवढं म्हणून गप्प व्हायचे, आणि आम्हाला कळायचं की कोणीतरी डोळ्यांसमोर आलंय. 'मेट्रिक्स' त्यांनी केबलवर बघितला, मराठीत मी शेजारी बसून सांगत होते, की यंत्रांनी माणसांची बॅटरी केलीये, माणसांच्या अंगातून वीज काढतात. बाबा हसले. बसलेल्या माणसाच्या अंगातून निघून निघून शंभर वॅट निघणार, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे, आणि त्याला जगवायला खायला घालायला लागणार त्याहून जास्त. "त्यापेक्षा ते खाणंच घाला की चुलीत," म्हणाले. तरी उठले नाहीत. शेवटपर्यंत बघितला आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःहून म्हणाले, "कल्पना भारी होती पण." 'मिस्टर इंडिया'च्या वेळी मी लहान होते, अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो म्हणून आम्ही गल्लीतली पोरं लाल जिलेटिनचा कागद डोळ्याला लावून हिंडायचो, सगळ्या कोपऱ्यांत बघायचो. नववीत सरांनी सांगितलं की अदृश्य माणूस आंधळा असेल, उजेड डोळ्यातून आरपार गेला तर डोळ्यातल्या पडद्यावर चित्र कशाचं उमटणार. मी घरी येऊन रडकुंडीला येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आंधळाच असेल मग. चाचपत लढत असेल." मला ते इतकं आवडलं की काय सांगू.

त्यांच्या कपाटात जयंत नारळीकरांची पुस्तकं होती, पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं. बाबा हा किस्सा पाहुण्यांना सांगायचे. मला त्यात नेहमी वाटायचं, की एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव वर दिसलं असतं तर कोणी काही तपासलंच नसतं, सगळं खरं धरून चालले असते.

आता त्या वाक्याकडे येते.

केसांवरून आईने माझी विकेट काढली ना, ते मला लागलं होतं. म्हणून मी म्हटलं, हे काहीच नाही गं, मघाशी तो दोर सोडला ना तिच्या साथीदाराने, ते सगळ्यात मोठं खोटं आहे. तो सीन आठवत असेल. तिचा पाय पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलाय, हातात त्याचा पट्टा, तो टोकाला लोंबकळतोय आणि म्हणतो तू मला सोड नाहीतर दोघंही जाऊ, आणि शेवटी स्वतःच हूक काढतो. मी आईला अगदी समजावून सांगितलं, लसणाच्या दोन पाकळ्या घेऊन. दोघंही थांबलेत, बघ. तिथे खाली असं काही नाहीये, त्याला कोण ओढणार? कडा नाही, दरी नाही. तिने नुसता एक हिसका दिला असता तरी तो अलगद तिच्याकडे आला असता. सोडायची काही गरजच नव्हती. आईने विचारलं, "मग का सोडलं त्याने?" मी म्हटलं, दिग्दर्शकाला रडवायचं होतं म्हणून. आणि मोठ्याने हसले. केसांची परतफेड झाली होती.

आई काही बोलली नाही. पुढे सोयूझ नावाच्या यानात इंधन संपलेलं असतं आणि ती बाई रडते, तिचा अश्रू डोळ्यातून सुटून गोल मोत्यासारखा तरंगत पुढे येतो. हेही चूक आहे. अश्रू असा सुटत नाही, पाणी डोळ्यालाच चिकटून फुगत राहतं, क्रिस हॅडफिल्ड या अंतराळवीराने २०१३ मध्ये वर स्टेशनवर डोळ्यात पाणी घालून दाखवलंय, शेवटी टॉवेलने टिपून घ्यावं लागतं. हे मला माहीत होतं, जिभेवर आलं होतं. का कोण जाणे, नाही बोलले.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली होती. लाइट गेलेली, खाली कुणाचा तरी इन्व्हर्टर बारीक गुणगुणत होता. मला वाटलं आई झोपली. खूप वेळाने तिकडून आवाज आला, "एका हिसक्याने आला असता म्हणतेस?"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मेंदूत रक्तस्राव, मग व्हेंटिलेटर. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं, घाई केली नाही, शब्द सोपे वापरले. मी आणि ताई एकमेकींकडे बघत राहिलो, मी तर टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते, त्यातल्या एका पेनाला टोपण नव्हतं. घरी न्यायच्या कागदावर सही आईने केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. त्यानंतर या विषयावर आमच्यात एकदाही बोलणं झालेलं नाही, तिने काढला नाही, मीही नाही, आणि मला वाटत होतं की ते मिटलंय.

मी अंधारात म्हटलं, "सिनेमा आहे गं आई." ती म्हणाली, "हो, ते आहेच."

सकाळी उठून मी मोबाइलवर शोधत बसले. त्या सीनचा बचाव करणारेही लोक आहेत, कधीकाळी मी त्यांना हसले होते. त्यांचं म्हणणं असं, की ती दोघं पूर्ण थांबलेली नव्हतीच, पायातल्या दोऱ्या अजून सैल होत निसटत होत्या, तेवढं ओझं त्या दोऱ्यांना पेलत नव्हतं, त्याने हूक काढला नसता तर खरंच दोघंही गेले असते. सीन तीनदा पुढेमागे करून बघितला. मला नाही पटलं. इंजिनियर म्हणून अजूनही पटत नाही, दोऱ्या ताठ दिसतात, दोघंही स्थिर दिसतात.

आई अंघोळ करून आरशासमोर उभी होती, ओले केस मोकळे, आता कानामागे पांढरेच जास्त. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, आई, काल माझं चुकलं. मी नीट बघितलं आज. दोऱ्या निसटत होत्या त्या, थांबले नव्हते ते. हिसका द्यायला वेळच नव्हता. त्याने सोडलं नसतं तर तीही गेली असती, त्याने बरोबर केलं. आकडेसुद्धा घातले मी मध्ये दोन-तीन, खात्रीच्या आवाजात.

तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. कंगव्यातले गळलेले केस काढून बोटाला गुंडाळले, त्यांची छोटी गुंडी केली.

"बरं," म्हणाली. "आणि केसांचं?"